पाळीचा नारळ

टेलची चौकी, इंदापूर
१८ जानेवारी १९९६

श्री. चिंतामणराव, कालवा निरीक्षकसाहेब यांस तात्याबाचा नमस्कार.

आधी घरातल्यांचं. माईंचा दमा कसा आहे? थंडीत पहाटे अंगणात बसू नका म्हणावं. त्या ऐकायच्या नाहीत, तरी सांगा. यशोदावहिनींचा गुडघा उतरला का? निरगुडीचा पाला शेकायला सांगितला होता, तो केला की नुसत्या गोळ्याच चालू आहेत? मिहिरचं बारावीचं वर्ष. रात्रीचं वाचताना डोळे चोळतो, त्याचा नंबर तपासून घ्या. वल्लरीचा खोकला गेला असेल. राहता राहिले तुम्ही. तुमची तब्येत उत्तमच असणार. नव्या खुर्चीला पाठ टेकलेल्या माणसाला काय धाड भरते!

हे अहो-जाहो मला काही जमत नाही बघ. इतकी वर्षं चिंतू म्हणत आलो, आता नव्यानं जीभ कुठं वळवू? तर चिंतू, वहिनींनी पाठवलेला तिळगूळ पोचला. म्हस्कू टपालीनं हेडच्या पाण्याच्या नोंदींबरोबर सायकलला अडकवून आणला. त्यातला निम्मा त्यानं वाटेतच खाल्ला असणार, डबा हलत होता. गोड बोलायचं म्हणतात. बोलतो जमेल तसं.

इथं टेलला एक खोली आहे, एक रांजण, एक लिंब, आणि पाट संपतो ती जागा. तू पणदऱ्याकडं दार उचललंस की इथं पोचेपर्यंत वाटेत सगळे जण त्यात हात धुऊन घेतात. मला मिळतं ते पालापाचोळ्यासकट. शेताला पाणी द्यायची शेजपाळी आपल्याकडं टेलपासून सुरू करायची असा नियम आहे. बढती मात्र तोंडापासून सुरू होते आणि तोंडापाशीच संपते.

मला झोप लागत नाही ती बदलीनं नाही. झोप जाते ती त्या नारळानं. आबाजी निरीक्षक होते तेव्हापासूनचा आपल्या सेक्शनचा रिवाज आहे: रब्बीची पहिली पाळी सोडताना कालव्याच्या तोंडाशी हेडच्या दारावर नारळ फोडायचा तो पुढच्या बढतीला ज्याचा नंबर, त्यानं. ऑर्डर मागाहून येते, नारळ आधी सांगतो. आबाजी रिटायर होईपर्यंत दर साल तो माझ्या हातात होता. सगळे पाटकरी मला चेष्टेनं 'भावी' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू. गेल्या ऑक्टोबरात मी नवं धोतर नेसून गेलो. आपल्या सेक्शनच्या साहेबांनी नारळ उचलला, माझ्यासमोरून नेला आणि तुझ्या हातात ठेवला. तू फोडलास. एका फटक्यात फुटला, तोही सरळ दोन वाट्या! माझा कधीच तसा फुटला नाही. मग तूच पुढं येऊन माझ्या तळहातावर खोबरं ठेवलंस. ते गोड निघालं, त्याचाही मला राग आला.

नोकरीच्या ज्येष्ठतेच्या यादीत मी तुझ्या वर. तू लागलास तेव्हा तुला साखळी धरायला, शेत मोजायला मी शिकवलं. ऑर्डर निघाल्यावर मी साहेबांकडं विचारायला गेलो तेव्हा तू कपाटाशी उभा होतास. साहेब म्हणाले, "तात्याबा, यादी मला माहीत आहे. पण त्या खुर्चीत तू बसलास तर खुर्चीला घोंगडीचा वास लागेल. बागायतदार मंडळी येऊन बसतात तिथं." आणि तू हसलास. मोठ्यानं नाही, नाकातून. पण हसलास.

मी पुण्याला मंडळ कार्यालयात तक्रार केली. जातीवरून डावललं, असं स्वच्छ लिहिलं. तिकडून पोच यायच्या आधी इकडून टेलला बदली आली. साहेबांचं टपाल आपल्या म्हस्कूपेक्षा जोरात पळतं.

उत्तर लिही. नाही लिहिलंस तरी माईंचं तेवढं म्हस्कूजवळ सांगून पाठव.

तुझा
तात्याबा


टेलची चौकी
४ फेब्रुवारी १९९६

चिंतू यास,

उत्तर नाही. माईंना बरं आहे एवढं म्हस्कूनं सांगितलं. बरं वाटलं.

आमच्या घरची मालकीण नकोशी इथं येऊन गेली. भाकरी, ठेचा आणि डोक्याला ताप, तिन्ही घेऊन आली. ती तुमच्या घरी हळदीकुंकवाला गेली होती हे मला आधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "माझी खुरची घेतली त्याच्या दारात तू वाण घ्यायला गेलीस?"

"वहिनींनी बोलावलं, मी गेली. खुरची तुमची व्हती, हळदीकुंकू माझं हाय."

"आन काय बघितलंस तितं?"

"काय बघायचं? नवा फोन आलाय. जाळीचा रुमाल टाकलाय त्यावर. वहिनींनी मला शेजारी बसवलं, बशीत न्हाय, ताटात दिलं. चिंतामणभावजी दारातनं आलं, मला बघितलं, आन चपला न काढताच परत गेलं."

"लाज वाटली आसंल."

"तुमाला कशी कळली लाज? वहिनी म्हनल्या, ह्ये जेवत न्हाईत नीट. बढती झाल्यापासनं पेढं कुनाला वाटलं न्हाईत."

मग ती दोन दिवस तुमचीच गाणी गात राहिली. वहिनींची साडी, वहिनींचा स्वभाव, वल्लरी कशी वाकून पाया पडली, मिहिरनं 'काकू, बसस्टॅंडपर्यंत सोडतो' म्हणून लूना काढली. माझी बायको, चिंतू! माझ्या चौकीत, माझ्या चुलीपुढं बसून तुझं घर वाखाणते. तू जेवत नाहीस म्हणून तिला घास गोड लागेना. मी इथं महिनाभर स्वतःच्या हातची कच्ची भाकरी खातो, त्यावर ती एवढंच म्हणाली, "वाळलासा जरा, बरं दिसतंय."

मुद्द्याचं. पुण्याहून चौकशी लागली आहे. बारामतीच्या विश्रामगृहावर मार्चअखेर अधिकारी येणार. मला विचारणार, साहेबांनी तसं म्हटलं याला साक्षीदार कोण? खोलीत तिघंच होतो. एक म्हणाला, एकानं ऐकून घेतलं, एक हसला.

मला तुझी भीक नको. आमचा दादासाहेब म्हणतो, 'आबा, मी जाऊन चिंतूकाकांचे पाय धरतो.' मी त्याला सांगितलं, दूध घालायला जा. पोरानं माझ्यासाठी कुणाचे पाय धरायचे नाहीत. पण तू तिथं होतास हे मी अधिकाऱ्याला सांगणार. पुढं तुझं तू बघ. मला रिटायर व्हायला फार अवकाश नाही. बिनखुर्चीचा घरी गेलो तर जाईन. पण वास येतो म्हणून गेलो, असं माझ्या गावात, पणदऱ्यात, म्हणवून घ्यायचं नाही मला.

तात्याबा


टेलची चौकी
९ मार्च १९९६

चिंतामणराव,

मेमो मिळाला. पाकीट फोडलं आणि अक्षर बघूनच ओळखलं.

काय अक्षर आहे तुझं! एकेक वेलांटी जणू पाटाचं वळण. मी तर पाटावरचे मैलाचे दगड आणि किराणा बांधून आलेली वर्तमानपत्रं वाचत अक्षरं शिकलो. माझ्या ओळी बघितल्या की मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाणी ओतल्यासारखं वाटतं. बाहेरून मॅट्रिकला बसलो तेव्हा माझा अर्ज तूच भरून दिला होतास. त्या वेळी मी मनात म्हटलं होतं, ह्या माणसाच्या हातून माझं नाव किती देखणं दिसतं. परवा पुन्हा दिसलं. 'मोजणीदार तात्याबा यांनी आपल्या नातेवाइकांच्या मेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी टेलचे दार परस्पर उघडले, त्यामुळे लाभधारकांचे नुकसान झाले, तरी आपणांस निलंबित का करू नये.' निलंबित हा शब्द इतका सुंदर काढलेला मी जन्मात बघितला नाही.

कुठल्या मेंढ्या, चिंतू? आमच्या भावकीनं मेंढरं विकली ती बहात्तरच्या दुष्काळात. आता औषधाला मेंढरू नाही. दादासाहेबाकडं दोन जर्सी गाई आहेत, त्या पणदऱ्यात सिमेंटच्या गव्हाणीत तोंड घालून उभ्या असतात. त्यांना पाणी पाजायला मी इंदापुरात दार उघडू? पण साहेबांना काय, आमचं नाव घेतलं की पाठीमागं मेंढरं दिसणारच.

साहेबांनी सांगितलं, तू लिहिलंस. कळतं मला. खुर्चीत बसणाऱ्याला लिहावं लागतं. पण लिहिताना एखाद्या ठिकाणी हात थरथरायला नको होता का रे? मी चौकटीत उभा राहून सगळा कागद उजेडात धरला. एक काना वाकडा नाही.

म्हस्कू विचारत होता, "तात्या, काय ल्हेलंय?"

मी म्हटलं, "चिंतामणरावांनी खुशाली कळवलीया."

माईंना सांग, निरगुडी पुन्हा पाठवली आहे. ती गुडघ्यासाठी वहिनींना, त्यांच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी अडुळसा आहे, वेगळ्या फडक्यात.

तात्याबा


टेलची चौकी
२ एप्रिल १९९६

चिंतू,

पाट बंद आहे. काल रात्री बारामतीहून शेवटच्या एसटीनं आलो आणि आल्याआल्या लिहायला बसणार होतो, पण रागानं हात चालेना. आज बसलो.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात साहेब वेताच्या खुर्चीत, मी बाकावर, आणि तू लांब बोगनवेलीशी उभा. माझ्याकडं बघेनास. मी म्हटलं, झालं, हा आता 'मला आठवत नाही' म्हणणार. मी त्याचीच तयारी करून आलो होतो. माझं पुढचं सगळं भाषण त्यावरच बेतलेलं होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही तिथं होता?"

तू म्हणालास, "होतो."

"साहेब काय म्हणाले?"

पंख्याकडं बघत तू सगळं सांगितलंस. खुर्ची, घोंगडी, वास, बागायतदार, एक शब्द गाळला नाहीस.

साहेब म्हणाले, "चिंतामण, नीट आठव. चेष्टेत बोललो असेन मी."

"चेष्टेतच बोललात, साहेब. म्हणून तर मी हसलो. मी हसलो नसतो तर तात्याबांना पुण्याला लिहायची वेळ आली नसती. तुम्हीच गप्प झाला असता."

मग मेंढ्यांचं निघालं. तू सरळ म्हणालास, "मेमो माझ्या हातचा आहे. मी टेलला गेलो नव्हतो. मेंढ्या बघितल्या नव्हत्या. सांगितलं तसं लिहिलं." साहेबांचं तोंड उतरलेलं मी बघितलं. आठ महिने मला ते बघायचं होतं... आठ कुठले, ऑक्टोबरपासून सहाच झाले, मला आठ वाटले. आणि ते बघायला मिळालं तेव्हा मी साहेबांकडं बघतच नव्हतो, तुझ्याकडं बघत होतो.

आता राग कसला ते ऐक. बाहेर चहाच्या टपरीवर सगळा सेक्शन जमला होता. पाटकरी, चौकीदार, कारकून. सगळे तुझ्याभोवती. एकानं तुझ्या हातात कप दिला, एकानं बिस्किटाचा पुडा फोडला. म्हस्कू तर डोळे पुसत होता.

"देवमानूस हो! सवताच्या खुरचीवर पानी सोडलं!"

मी बाजूला उभा. म्हटलं, "आन मी रं, म्हस्कू?"

"तुमचं काय तात्या? तुमाला तर मिळनारच की आता."

बघ, कसं आहे! तक्रार मी केली. बदली मी सोसली. कच्च्या भाकरी मी खाल्ल्या. मेंढ्यांचा आळ माझ्यावर आला. आणि देवमाणूस झालास तू, एका दुपारीत. खुर्ची तुझी, अक्षर तुझं, सरळ फुटणारा नारळ तुझा; मला वाटलं होतं, निदान अन्याय तरी माझा एकट्याचा आहे. त्यातही वाटेकरी झालास.

घरी गेलो तर नकोशी देवापुढं दिवा लावून बसलेली. मला वाटलं माझ्यासाठी. म्हणाली, "चिंतामणभावजींस्नी आता साहेब सोडंल व्हय? कुटंतरी लांब फेकंल. त्यास्नी भाकरी येत्या का करता?"

टपरीवर मी तुझ्याजवळ आलो नाही, बोललो नाही, तसाच पणदऱ्याच्या एसटीत बसलो. तू त्या घोळक्यातून दोन पावलं पुढं आला होतास, ते बघितलं मी. पण माझा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा नव्हता. आभार मानायला तोंड उघडलं असतं तर शिवी निघाली असती. आभार इथं लिहितो. शिवी समक्ष देईन.

मिहिरचे पेपर कसे गेले ते कळव.

तुझा
तात्याबा


बारामती
२० ऑक्टोबर १९९६

प्रिय चिंतू,

तुझी खुशाली पहिल्यांदा. रांजणाखाली विंचू असतो, पाणी घेताना आधी काठीनं खडखड कर. लिंबाखाली बाज टाकशील तर पायथ्याच्या बाजूनं टाक, उशाशी मुंग्या येतात. चूल धुरकट आहे, तिचं तोंड वाऱ्याकडं करून बघ. भाकरी पहिल्यांदा सगळ्यांचीच फाटते. घरचं सगळं ठीक आहे. माईंना मी एक दिवसाआड भेटून येतो. त्या मला विचारतात, चिंतू कधी येणार, आणि मला खजील करतात. वहिनी जिना उतरतात आता. मिहिर पुण्याच्या कॉलेजात रुळला. वल्लरी सायकलवरून पडली, गुडघा फुटला, रडली नाही. तुझ्या घरात आता मीच जास्त असतो, असं नकोशी म्हणते.

खुर्ची मिळाली. मागच्या तारखेपासून दिली. साहेब गेले, तेही मोठ्या हुद्द्यावर गेले, त्यांचं कुठं काय वाकडं झालं? जाता जाता शेवटची सही केली ती तुझ्यावर: पुन्हा मोजणीदार, आणि नेमणूक टेलच्या चौकीला. माझ्याच खोलीत, माझ्याच बाजेवर. अधिकाऱ्यापुढं खरं बोलला म्हणून, असं त्या ऑर्डरमध्ये कुठं लिहिलेलं नाही. 'प्रशासकीय सोयीसाठी' लिहिलं आहे. मी त्याविरुद्ध पुण्याला लिहिलं आहे. माझ्या मुंग्यांच्या अक्षरात लिहिलं आहे, पण मला आता मजकूर पाठ आहे. साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं आहे आणि मी हसणार नाही.

खुर्चीत बसलो त्या दिवशी घोंगडीची घडी घालून तिच्यावर टाकली आणि वर बसलो. बागायतदार आले, बसले, चहा प्यायले. कुणाला वास आला असेल तर कुणी बोललं नाही. दुसरी घोंगडी तिथं खुंटीला आहे, ती तुझ्यासाठी ठेवली आहे. इंदापूरची थंडी तुमच्या शालीला ऐकायची नाही. वास येईल. आठवडाभरानं येत नाही.

तरी तुला सांगतो, मला सुख नाही. इथं टेबलावरचा फोन सारखा वाजतो. तिथं संध्याकाळी पाटाच्या टोकाला पाणी थांबतं, टिटव्या उतरतात, पलीकडच्या ज्वारीतून वारा येतो, ते सगळं तुला फुकट मिळालं. म्हस्कू सांगत होता, टेलची माणसं तुला रोज ताक आणून देतात. मला एवढ्या महिन्यांत कुणी ताक दिलं नाही! नकोशी तर तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करते आणि मला पाट्याला लागलेली पुसून वाढते. तू कुठंही जा रे, चांगलं ते तुझ्यामागं येतं.

आता नारळाचं. उद्या रब्बीची पहिली पाळी. नवे साहेब तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं काही रिवाज आहे म्हणे. नारळ कोणाच्या हातात द्यायचा?"

सगळा सेक्शन माझ्याकडं बघत होता. चिंतू, मी रात्रभर तो नारळ टेबलावर ठेवून बसलो होतो. माझी खूप इच्छा होती की मीच फोडावा. निरीक्षकानं फोडायचा नसतो, मला माहीत आहे, पण एकदा, फक्त एकदा, माझ्या हातून सरळ दोन वाट्या व्हाव्यात. ते नाहीच, तर यादीत तुझ्यामागचा जो कारकून आहे त्याला द्यावा. तुला तर अजिबात देववत नव्हता. तुझी हुशारी, तुझं घर, तुझा खरेपणा, आणि वर नारळही तुलाच?

पण यादीत माझ्याखाली तूच आहेस. यादी डावलली म्हणून मी एवढं केलं. आता मीच डावलू?

मी साहेबांना म्हटलं, "यंदा नारळ हेडला फुटणार न्हाय. पाळी टेलपास्नं सुरू व्हते, नारळबी तितंच फुटंल. पुढचा नंबर तितं हाय." मग मागून म्हस्कू म्हणाला, "मंजी मलाच न्यावा लागनार," आणि सगळे हसले. ह्या वेळी मीही हसलो.

तर ह्या पत्राबरोबर नारळ येतोय. म्हस्कूनं वाटेत फोडून खाल्ला नाही ना, ते आधी बघ. उद्या मी दार उचलतो. पाणी तुझ्यापर्यंत येईल तेव्हा त्यात पाला असेल, काटक्या असतील, वरच्यांनी वापरून उरलेलं असेल. पण येईल. वाटेत कुणाला मी हात घालू देणार नाही, स्वतः पाटाच्या कडेनं उभा राहीन. पाणी टोकाला लागलं की फोड. तिथल्या ताकवाल्यांना खोबरं दे आणि एक वाटी मला म्हस्कूबरोबर पाठव. पुरती वाटी पाहिजे, तुकडा चालणार नाही.

आणि एका फटक्यात सरळ फुटला, तर तेवढं मला कळवू नकोस. बाकी सगळं कळव. माझ्या आधीच्या चार पत्रांना तुझं एकही उत्तर नाही, आणि मला तुझं अक्षर बघायचंय. लवकर लिही.

तुझा
तात्याबा